पगारेताईंची काटछाट

प्लॅटफॉर्मवर चहा घेणारे दोन प्रकारचे असतात, असं पगारेताई सांगायच्या. एक, ज्यांच्याकडे पैसे जास्त झालेत ते. दुसरे, जे घरून थर्मास भरून निघाले नाहीत ते. त्यांचा स्वतःचा थर्मास स्टीलचा होता. झाकणाला पोचा आलेला हा थर्मास कन्याकुमारी, पुरी आणि अमृतसर पाहून आला होता.

निर्मला पगारे आमच्या दैनिकात छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसत. खिडकी तळमजल्यावर होती आणि संपादकीय विभाग दुसऱ्या मजल्यावर. वर जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्यासमोरून जावं लागे. जाहिरातीचा दर शब्दावर होता. जितके शब्द जास्त तितकं कंपनीचं उत्पन्न जास्त, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही ग्राहकाचे शब्द कापल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

एकदा निफाडकडचे एक गृहस्थ मोटरसायकल विकायची जाहिरात घेऊन आले. मजकुरात 'उत्तम स्थितीतील' असं होतं. ताईंनी त्यावर काट मारली.

"ताई, पण गाडी लय चांगली हाय," गृहस्थ म्हणाले.

"वाईट आहे असं आजवर कुणी छापलंय का?"

"नाय."

"मग लोक चांगलीच धरून चालतात. 'एकहाती वापर' ठेवू. 'त्वरित संपर्क साधावा' काढू. ज्याला हवी तो त्वरितच करेल."

गृहस्थांनी विचार केला आणि मान हलवली. वाचलेल्या पैशांत ते समोरच्या टपरीवर भजी खाऊन गेले.

हीच काटछाट त्यांच्या प्रवासात होती. पगार बेताचा, तरी वर्षातून चार वेळा त्या बाहेर पडत. बरोबर जेलरोडच्या त्यांच्या कॉलनीतल्या तीन मैत्रिणी असत. कार्यालयात कुणालाही फिरायला जायचं असलं की तो आधी खिडकीशी थांबे. ताई जाहिरातीचा कोरा अर्ज उलटा करत आणि पाठीमागच्या बाजूला बेत लिहून देत.

त्यांचे नियम ठरलेले होते. परतीचं तिकीट आधी काढायचं, जायचं नंतर. थंड हवेच्या ठिकाणी सोमवारी पोहोचायचं आणि शुक्रवारी दुपारी तिथून निघायचं, कारण शुक्रवारी संध्याकाळी तीच खोली दुप्पट भाव सांगते. शहरात मात्र उलटं. तिथे शनिवार-रविवार लॉजवर कंपन्यांची माणसं नसतात, तेव्हा मालक पडत्या भावाने खोली देतो. खोली बघताना पलंगाकडे बघायचं नाही, आधी नळ सोडायचा. पोटभर जेवण दुपारी घ्यायचं, कारण थाळी तेव्हाच ताजी असते आणि वाढणाऱ्याचा हातही सैल असतो. रात्री फळं आणि दूध. भेटवस्तू शेवटच्या दिवशी घ्यायच्या. पहिल्या दिवशी घेतल्या तर त्या आठवडाभर आपणच वाहून न्यायच्या.

सामानाची परीक्षा जिन्यावर होत असे. भरलेली बॅग घेऊन दोन मजले दोनदा चढायचे, न थांबता. दम लागला तर बॅग उघडायची.

आमचे मुख्य उपसंपादक बोरस्ते मनालीला निघाले तेव्हा ही परीक्षा सगळ्यांनी पाहिली. बोरस्ते मूळचे निफाडचे, घरची द्राक्षबाग. पहिल्याच मजल्यावर ते कठड्याला टेकले. ताईंनी बॅग उघडायला लावली. आतून इस्त्री निघाली आणि त्याखाली पाच किलो बेदाणे.

"हे कुणाला?"

"वाटेत खायला."

"मनाली किती लांब आहे असं वाटतंय तुम्हाला, बोरस्ते साहेब?"

बेदाणे संपादकीय विभागाने आठवडाभर खाल्ले. मनालीची सहल मात्र दुसऱ्याच कारणाने गाजली. मुंबईहून सुटणाऱ्या गाड्यांत नाशिकरोडच्या वाट्याला जागा कमी असतात. ताई त्यामुळे तिकीट मुंबईपासूनचं काढत, थोडे पैसे जास्त देत आणि चढायचं स्थानक बदलून नाशिकरोड करून घेत. बोरस्तेंनी यातला अर्धाच भाग ऐकला. तिकीट मुंबईचं काढलं, स्थानक बदलायचं राहिलं. मुंबईला कुणी चढलं नाही म्हणून त्यांच्या चारही जागा दुसऱ्यांना देऊन टाकण्यात आल्या. इटारसीपर्यंत कुटुंब सामानावर बसून गेलं.

परतल्यावर ते खिडकीशी येऊन उभे राहिले. ताईंनी वर पाहिलं.

"इस्त्री नव्हती ते बरं झालं ना? बसायला टोचली असती."

ताई स्वतःच्या घरी मात्र हरल्या होत्या. त्यांचे यजमान भाऊराव सातपूरच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ते एकदाही त्यांच्याबरोबर प्रवासाला गेले नव्हते. नोकरीत होते तेव्हा सुट्टी मिळत नाही म्हणायचे. निवृत्त झाले तसं "एवढा खर्च कशाला?" म्हणू लागले.

त्यांच्या घरी मी एकदा काही कागद पोहोचवायला गेलो होतो. बाहेरच्या खोलीत सांचीच्या स्तूपाचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं. तारखा कधीच जुन्या झालेल्या. चित्रासाठी ठेवलं होतं. ते भाऊरावांनी लावलं होतं.

"मी दोनदा जाऊन आले," ताई म्हणाल्या. "यांनी अजून भिंतीवरच पाहिलाय."

"दिसतो की इथूनही," भाऊराव म्हणाले. अंगाने सडपातळ, आवाज बारीक, हसणं अर्धवट. त्यांनी मला चहा आग्रहाने दिला, स्वतः अर्धा कप घेतला. आपल्या घरी ते मोकळे होते.

ताई कुठूनही परतल्या की भाऊराव काय पाहिलं ते विचारत नसत. गाडी कुठे कुठे थांबली, किती किती वेळ थांबली, बस वाटेत उभी राहिली का, हे विचारत. "माणसाला समुद्राचं काही नाही," ताई खिडकीत सांगत. "खंडव्याला किती मिनिटं, ते पाहिजे. फिटर ना. यंत्राचं पडलेलं असतं." आम्ही सगळे हसत असू.

भाऊरावांना एकदा तरी सांचीला न्यायचं, हे ताईंनी मनाशी घेतलं होतं. त्यांच्या स्वतःच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि निवृत्तीच्या आत ते व्हायला हवं, असं त्यांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं. अडचण खर्चाची, तर खर्च कापायचा. पहिला बेत रेल्वेने आणि बऱ्यापैकी हॉटेलात राहण्याचा होता. "एवढा खर्च कशाला?" दुसऱ्या बेतात हॉटेल गेलं, धर्मशाळेची खोली आली. न्हाणीघर व्हरांड्याच्या टोकाला. उत्तर तेच. मग एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. भाऊरावांची पासष्टी झालेली, त्यांनाही अर्धंच. ताईंना जणू घबाड सापडलं. तिसरा बेत असा, की धुळ्यापर्यंत एसटी, पुढे मध्य प्रदेशात खासगी बस, रात्री सामूहिक खोलीत मुक्काम. खर्च इतका उतरला होता की बोरस्ते म्हणाले, "ताई, एवढ्यात तर आम्ही घोटीला जाऊन येत नाही."

भाऊराव तरीही म्हणाले, "कशाला एवढा खर्च?"

त्या दिवशी प्रथमच ताईंनी खिडकी जेवणाच्या सुट्टीआधी बंद केली. "फुकट नेलं तरी हा माणूस येणार नाही," त्या म्हणाल्या. "चिकटपणाला काही सीमा असते." जी बाई स्वतः पंधरा शब्दांचे अकरा करते, तिने नवऱ्याला चिकट म्हणावं, यावरही वरच्या मजल्यावर विनोद झाले.

कार्यालयाची मे महिन्यातली सहल त्यानंतरची. सापुताऱ्याला एक दिवस, कुटुंबासह, बस कंपनीची. खर्च शून्य असल्यामुळे भाऊरावांपुढे कारण उरलं नाही. ते आले. दाराजवळची पहिली खुर्ची त्यांनी धरली. मी पलीकडच्या रांगेत होतो. माझ्या आठवणीप्रमाणे त्या दिवशी त्यांनी सकाळी दिंडोरीत चहा नाकारला, वणीत ताक नाकारलं आणि दुपारी उन्हात पाण्याची बाटली पुढे आली तेव्हा ओठ ओले करून परत दिली.

"पगारे साहेब, उपास आहे काय?" बोरस्तेंनी विचारलं.

"सवय नाही," ते म्हणाले.

बस थांबली की सर्वांत आधी तेच उतरत. परत येताना दिंडोरीच्या अलीकडे एक ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यात आडवी झाली. रांग लागली. पाऊण तास झाला तरी बस हलेना. भाऊराव उठले. "पाय मोकळे करतो," म्हणाले आणि रस्त्याच्या कडेने चालू लागले. वाहनांच्या रांगेपलीकडे, झाडांच्या वळणापलीकडे दिसेनासे झाले. बस सुटल्यावर ते आम्हाला दोन किलोमीटर पुढे भेटले.

"नाशिकपर्यंत चालत जायचा बेत होता काय?" कुणीतरी म्हणालं.

"तिकीट काढलेलं नव्हतं ना," ताई म्हणाल्या. "फुकटच्या बसचंही यांना ओझं होतं."

बस हसली. भाऊरावही हसले, नेहमीसारखं अर्धवट. हे सगळं माझ्यासमोर घडत होतं. प्रश्न विचारणं हा माझा व्यवसाय, पण मी एकही विचारला नाही.

पावसाळा संपता संपता, एका दुपारी एका दवाखान्याचा कंपाउंडर जाहिरात घेऊन आला. मी दुसऱ्या एका मजकुराची प्रत घ्यायला खिडकीशी उभा होतो. जाहिरात पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांसाठी होती. लघवीचा त्रास, त्यावरचे उपचार, दवाखान्याची वेळ. मजकूर लांबलचक होता.

"डॉक्टर म्हणाले कमीत बसवा," कंपाउंडर म्हणाला.

ताईंनी पेन काढलं. "'वारंवार जावे लागते का' हे ठेवू. 'रात्री उठावे लागते का' ठेवू. 'प्रवास टाळता का' काढू. त्याचा याच्याशी काय संबंध?"

"तोच तर खरा संबंध आहे, ताई. बस थांबत नाही ना. मग माणूस घरच सोडत नाही."

"बरं. 'पाणी कमी पिता का' काढू."

"तेही त्यातलंच. बाहेर निघायचं असलं की पेशंट सकाळपासून पाणी बंद करतो. चहा नाही, ताक नाही. डॉक्टर रोज ओरडतात त्यावर."

पेन कागदाच्या वर थांबलं.

"'कार्यक्रमात दाराजवळची खुर्ची धरता का'," ताईंनी पुढची ओळ वाचली. ती त्यांनी कापायला घेतली नाही, नुसती वाचली. मग विचारलं, "घरी सांगत नाहीत?"

"कोण सांगतंय. बायकोलासुद्धा नाही. गुडघा दुखतो म्हणतात, परवडत नाही म्हणतात. काहीही म्हणतात."

"आणि औषध आहे याला?"

"बहुतेकांना गोळ्यांनी फरक पडतो. यायला तर पाहिजे."

ताईंनी आधी मारलेल्या दोन काटांखाली टिंबं दिली. कापलेला मजकूर तसाच राहू द्यावा, अशी आमच्या कामातली ती खूण. त्यांच्या हातून ती मी कधी पाहिली नव्हती.

"सगळं राहू द्या," त्या म्हणाल्या.

"पण ताई, शब्द..."

"एक शब्द कमी करू नका. डॉक्टरांना सांगा, खिडकीवरच्या बाईने सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी जाहिरात पूर्ण छापून आली. त्या पानावरची ती सर्वांत लांब छोटी जाहिरात होती.

पुढचं मला भाऊरावांकडून कळलं. आता ते हे कुणालाही सांगतात, कॉलनीच्या बाकावर बसणाऱ्या निवृत्तांना तर आग्रहाने सांगतात. म्हणूनच इथे लिहिलं आहे. ताईंनी घरी विषय काढला नाही. सकाळी पेपर त्या पानावर दुमडला, भाऊरावांसमोर ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

"वाचलं आणि घाम फुटला," भाऊराव सांगतात. "सगळं माझंच लिहिलेलं. दाराजवळची खुर्चीसुद्धा. मला वाटलं, हिनेच दिली जाहिरात माझ्यावर. मग म्हटलं, नाही. एवढे शब्द ही कधीच घालू देणार नाही."

दोघं त्याच आठवड्यात दवाखान्यात गेले. गोळ्या सुरू झाल्या. त्रास गेला नाही, आटोक्यात आला. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, पाणी बंद करायला मात्र सक्त मनाई केली.

ताईंनी सांचीचा चौथा बेत लिहिला. तो त्यांनी कुणाला दाखवला नाही, पण तिकिटाची आणि हॉटेलची बोलणी खिडकीतूनच झाली आणि जिन्यावरून येता-जाता ती आम्हाला ऐकू आली. एसटी गेली. दिवसाची रेल्वे आली, वातानुकूलित डबा. जागा त्यांनी दाराजवळच्या, शौचालयाला लागून असलेल्या मागितल्या. त्या जागा चुकवण्यासाठी लोक धडपडतात. "मॅडम, तिथे वास येतो, दार सारखं वाजतं," तिकिटं काढून देणारा पलीकडून सांगत होता. "वाजू द्या," ताई म्हणाल्या. हॉटेलची खोली आतच शौचालय-न्हाणीघर असलेली. तेही फोनवर तीनदा विचारून. भोपाळहून सांचीला जायला गाडी ठरवली. बसने हेच अंतर किती स्वस्तात जाता येतं, ते त्यांनीच आम्हाला अनेकदा सांगितलं होतं.

गाडीवाल्याशी बोलणं मी जिन्यात उभं राहून ऐकलं. त्यांच्या हिंदीत मराठी भरपूर होतं.

"देखो भैया, हर आधे घंटे में रुकने का. बिना बोले रुकने का. अच्छी जगह देखके." मग पलीकडचं ऐकून, "मेरे को लगता है. मेरे को बार-बार जाना पडता है. उमर हो गयी, उसमें शरम कैसी?"

बोरस्ते माझ्या मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अकरा तासांच्या प्रवासात एकदाच उतरणारी बाई म्हणून ताई कार्यालयात प्रसिद्ध होत्या. फोन ठेवून ताई वळल्या, आम्हाला दोघांना पाहिलं.

"काय बोरस्ते साहेब?"

"काही नाही ताई. बेदाणे देऊ का? वाटेत खायला."

"पाव किलो द्या," ताई म्हणाल्या. "यांना आवडतात."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःची बॅग जिन्यावरून दोनदा नेली. भाऊरावांची नेली नाही. त्यांना काय लागेल ते सगळं न्यायचं, असं म्हणाल्या. मी हिशेब विचारला नाही. पहिल्या तिन्ही बेतांचे खर्च एकत्र केले असते तरी चौथा महाग पडला असता, असा माझा अंदाज आहे.

त्या सहलीआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या सकाळी. मुंबईच्या गाडीसाठी मी नाशिकरोडला गेलो होतो. माझी गाडी समोरच्या फलाटावर लागणार होती. मधल्या रुळांपलीकडे ते दोघं बाकावर बसलेले दिसले. ताई नव्या साडीत, पायाशी एक छोटी बॅग आणि एक मोठी. भाऊरावांनी पांढरा शर्ट घातला होता, कडक इस्त्रीचा. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ते मान मागे टाकून पीत होते. बाटली खाली आली तेव्हा अर्धी संपली होती.

गाडी वीस मिनिटं उशिरा येत असल्याची घोषणा झाली. भाऊराव ताईंकडे वळून काहीतरी बोलले. ताईंनी पिशवीतून थर्मास काढला, हातात धरून पाहिला आणि पुन्हा ठेवला. मग उठून त्या फलाटावरच्या स्टॉलपर्यंत गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि कागदी कपात दोन चहा घेऊन आल्या. एक भाऊरावांना दिला. त्यांनी तो पूर्ण संपवला. ताईंनी आपला घोटभर प्यायला, तोंड वाकडं केलं आणि उरलेला त्यांच्या कपात ओतला. तोही त्यांनी संपवला.

माझी गाडी आडवी आली. त्यानंतर मला काही दिसलं नाही.